निर्धोक औषधाचा भादवा

गणपती पाण्यात गेले की आमच्या डहाणूकडे हवेत एक पोकळी येते. पाऊस अजून गेलेला नसतो, पण त्याचं मन उडालेलं असतं. सकाळी गवत दवाने भिजलेलं, आणि अकराच्या सुमाराला ऊन असं चढतं की चिकूच्या जाड, मेणचट पानांवर नजर ठरत नाही. तलासरीच्या बाजूला हळवं, लवकर पिकणारं भात पिवळं पडायला लागतं, बांधावर चतुर घिरट्या घालतात. समुद्रावरून निघालेला वारा वाडीच्या कुंपणापर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो. लोक म्हणतात, भादवा तापला.

निवृत्त होऊन मला वर्ष झालं. या दिवसांत आता मला कुठल्या वाडीत जायचं नसतं, कुठला अहवाल द्यायचा नसतो. तरी सकाळी उठले की आधी खिडकीतल्या आर्द्रतामापकाकडे बघते. काटा खाली उतरलेला दिसला की खिडकी लावून घेते. कारण नसताना लावते असं म्हणता येणार नाही. कारण आहे, आणि ते सांगायलाच बसले आहे.

तीस वर्षं माझं काम एकच होतं. पिकावरच्या अळ्यांना आजार कसा पाडायचा, हे शोधणं. माणसाला जसे ताप, खोकला, तसे अळ्यांनाही त्यांचे आजार असतात. एक बुरशी अशी असते की ती अळीच्या कातडीवर रुजते, आत शिरते आणि तिला आतून खाऊन टाकते. माणसाला तिचं काही होत नाही, मधमाशीला फारसं नाही, पाण्यातल्या माशाला नाही. ही बुरशी वाढवायची, तिचं औषध करायचं, आणि लोकांच्या हातातली विषं काढून त्याजागी हे द्यायचं. ऐकायला हे सोपं आहे. प्रयोगशाळेत मात्र तांदळाच्या कण्या शिजवून बाटल्यांत भरायच्या, त्यावर बुरशीचं विरजण लावायचं, आणि दहा-बारा दिवस एखाद्या बाळंतिणीसारखं जपायचं. कुठून तरी काळी बुरशी शिरली की सगळा घाणा टाकून द्यायचा. माझ्या हातांना कायम ओल्या पिठाच्या डब्यासारखा वास येई. मला तो आवडायचा.

माझी बुरशी मला वरोरला मिळाली होती. तिथले बागायतदार नरोत्तमकाका, त्यांच्या चिकूच्या वाडीत, अशाच एका भादव्यात. समुद्र तिथून दिसत नाही, पण ऐकू येतो. एका पानाच्या खाली अळी चिकटून होती, मेलेली, ताठ, आणि पिठात घोळल्यासारखी पांढरी. मी ती रिकाम्या काडेपेटीत घातली आणि येताना बसमध्ये पेटी मांडीवर धरून बसले. शेजारच्या कोळणीने विचारलं, "काय गं बाय, सोन्याचा डाग हाय काय आत?" मी हसले. मला त्या वेळी खरंच तसं वाटत होतं.

त्या एका अळीपासून औषध तयार व्हायला माझी निम्मी नोकरी गेली. प्रयोगशाळेतल्या ताटल्यांत ते चाले, कुंड्यांतल्या रोपांवर चाले. मोठ्या वाडीत, उन्हावाऱ्यात, खऱ्या माणसांच्या हातून ते चालतं का, हे बघायचं राहिलं होतं. तेव्हा मी पुन्हा नरोत्तमकाकांकडे गेले. त्यांच्या दारातल्या मधाच्या पेट्या फवारणीने दोनदा मेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला मेलेल्या माशा सुपाने गोळा करून त्यांनी नारळाच्या बुंध्याशी आळ्यात पुरल्या होत्या. मी अर्धी वाडी मागायला गेले होते. काका म्हणाले, "अर्धी कशाला बाई? सगळीच घ्या. आजपासून या वाडीत दुसरा औषध येणार नाय. शब्द."

काकांची वाडी सांभाळायला तेव्हा शिनवार होता. तलासरीकडच्या झरीचा. शनिवारी जन्मला म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने काटक, बोलणं थोडं आणि हसणं फार. सोमवारी सकाळी तो जीपने वरोरला येई, आठवडाभर वाडीतल्या खोलीत राही आणि शनिवारी परत झरीला जाई. झाडावर चढण्यात, फळाचा नखाएवढा भाग खरवडून ते तयार झालं की नाही ओळखण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. फवारणीही तोच करी. पाठीवर पंप, डोक्याला आणि तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याचा कपडा गुंडाळलेला, अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सदरा. वर्षानुवर्षं विषं मारून त्याने ही काळजी स्वतःच शिकून घेतली होती. त्याला ती कुणी शिकवली नव्हती.

ती मी मोडली.

पहिल्या फवारणीचा दिवस मला अगदी स्वच्छ आठवतो. पावसाळा मध्यावर होता, झाडं ठिबकत होती, आमच्या बुरशीला हवी तशी हवा. निळ्या पिंपात मी औषध कालवलं. दिसायला पातळ ताकासारखं. शिनवार नेहमीसारखा तोंड बांधून आला आणि लांबच उभा राहिला. वाडीतल्या चार-पाच बायाही कामं टाकून बघायला आल्या होत्या. मी म्हटलं, "सोड रे ते फडकं. याने काही होत नाही." तो हलेना. तेव्हा मी पिंपात बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर ते चाटलं.

बाया ओरडल्याच. एकीने कपाळाला हात लावला. मी हसत होते. कच्च्या तांदळाच्या पिठासारखी चव होती. शिनवार माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू मी आता पडेन. मी पडले नाही. मग त्याने फडकं सोडलं, पुढे आला, स्वतःचं बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाला, "बाय, मीठ कमी झाला." सगळी वाडी हसली. मीही हसले. त्या दिवशी प्रयोगशाळेत परत आल्यावर मी सोबतच्यांना हा प्रसंग रंगवून सांगितला. लोकांचा विश्वास कसा मिळवायचा असतो ते बघा, असं काहीतरी म्हणाले असेन.

त्यानंतर ती त्याची गंमतच झाली. नवं पिंप कालवलं की शिनवार आधी बोट चाटायचा. कुणी नवीन बाई कामाला आली की तिला मुद्दाम बोलावून दाखवायचा. सदरा काढून उघड्या अंगाने फवारायचा, कारण उकडायचं, आणि माझ्या औषधाने अंगाची आग होत नव्हती. मी ते बघितलं आहे. वहीत टिपूनही ठेवलं आहे: मजूर संरक्षक कपड्यांशिवाय आरामात काम करतात. गुण म्हणून टिपलं होतं.

श्रावणभर औषध उत्तम चाललं. कळ्या पोखरणाऱ्या अळ्या पानांना चिकटून पांढऱ्या पडत होत्या. काका रोज संध्याकाळी चार पानं उलटी करून बघत आणि मला फोन करत. त्यांच्या पेट्यांत माशा टिकून होत्या. मी माझ्या औषधाच्या मंजुरीचे कागद तयार करत होते. आयुष्यात इतकी झोप मला कधी लागली नाही, जितकी त्या श्रावणात लागली.

आणि मग गणपतीनंतर पाऊस जो थांबला तो थांबलाच.

बुरशीला ओल लागते. ओल नसेल तर ती अळीच्या अंगावर नुसती धूळ होऊन बसते, रुजत नाही. भादव्याचं ऊन तापलं, आर्द्रतेचा काटा उतरत गेला, आणि आठ दिवसांत वाडीतल्या अळ्या पुन्हा हिरव्यागार, जिवंत, कळ्यांत तोंड खुपसून बसल्या. मी दोन जास्तीच्या फवारण्या दिल्या. ओल टिकावी म्हणून औषधातलं तेल वाढवून बघितलं, फवारणीची वेळ पहाटेची केली. काका फांदी वाकवून माझ्यापुढे धरायचे, एवढंच. पोखरलेल्या कळ्या त्यांच्या तळहातावर गळून पडायच्या.

"काका, आठ दिवस द्या," मी म्हटलं. "हवा बदलेल."

"तुम्ही म्हणता तर देतो," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मंजुरीच्या बैठकीसाठी मला चार दिवस बाहेरगावी जायचं होतं. मी गेले. बैठकीत मी उभी राहून सांगितलं की हे औषध माणसाला पूर्ण निर्धोक आहे. ते खरंच होतं. आजही आहे.

परत आले तेव्हा शिनवार दवाखान्यात होता.

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण इथे सरळ सांगते. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी दुकानातून दोन जहाल औषधं आणली आणि सकाळी स्वतःच्या हाताने माझ्या त्या निळ्या पिंपात कालवली. वरून पांढरंच दिसत होतं. शिनवारला म्हणाले, "आज हा मार." त्यापुढे काही बोलले नाहीत. शिनवारने सदरा काढला. कामावरची एक बाई म्हणाली, आज कसला तरी उग्र वास येतो. शिनवार म्हणाला, "बायचाच औषध आहा. हा बघ." आणि बोट बुडवून चाटलं. काका ओट्यावरून बघत होते. ते ओरडले, "अरे, चूळ भर! चूळ भर आधी!" तो हसला, चूळ भरली, पंप पाठीला लावला आणि गेला. चिकूची झाडं उंच. पंपाचा दांडा वर धरून फवारायचं म्हणजे निम्मं अंगावर पडतं. भर उन्हात, घामाने कातडी उघडलेली, तो दुपारपर्यंत फवारत राहिला. जेवायला बसला तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला समोरची भाकरी दिसत नव्हती.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्या दंडाचे स्नायू कातडीखाली वळवळत होते. मी आयुष्यभर अळ्या मरताना बघितल्या आहेत, सुईने टोचून, भिंगाखाली धरून. माणसाचं अंग तसं हलताना मी पाहिलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते, रात्रंदिवस त्याच्याजवळ होते. मला म्हणाले, "आणलं तेव्हा अंग नुसतं भिजलेलं होतं. कातडीवाटे भरपूर गेलंय. आणि सोबतची बाई सांगते, तोंडानेही घेतलं."

तोंडानेही घेतलं. हे दोन शब्द कागदावर गेले. चौथ्या दिवशी शिनवारचा श्वास थांबला. पोलिसांच्या कागदावर त्या दोन शब्दांचं एक वाक्य झालं: त्याने स्वतः विषारी औषध प्राशन केलं.

काका दोन दिवसांनी माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून राहिले, एखाद्या परक्या कचेरीत बसावं तसे.

"त्याला सांगितलं का नाही, काका?" मी विचारलं. "विष आहे एवढं सांगितलं असतं तर तोंड बांधलं असतं त्याने."

"बांधला असता," काका म्हणाले. "आणि तुम्ही आल्यावर कुणीतरी बोललं असतं, शिनवार तोंड बांधून फवारत होता. तुम्हाला कळलं असतं मी शब्द मोडला ते. तुमच्यासमोर मान खाली घालावी लागली असती, म्हणून नाय सांगितला."

मला वाटलं होतं त्यांचा राग येईल. आला नाही. एक माणूस माझ्या नजरेतून उतरू नये म्हणून दुसरा माणूस मेला होता. रागाला धरायला जागाच नव्हती.

उठताना ते म्हणाले, "एक सांगू का बाई? तुम्ही यात पडू नका. पिंप तुमचा, बोट चाटायची सवय तुमची. बाहेर गेलं तर मी आणलेल्या औषधाला कुणी नाव ठेवणार नाय, तुमच्याच औषधाला ठेवतील. तुमच्या औषधाने माणूस मेला म्हणतील. इतक्या वर्षांचं काम."

मी उत्तर दिलं नाही. ते गेल्यावर मला कळलं की मी उत्तर दिलं होतं.

मंजुरी यायची होती. मी स्वतःला सांगितलं, मंजुरी आली की बोलेन. एकदा औषध बाजारात गेलं की किती जीव वाचतील, त्यांचा हिशेब आधी. शिनवार आता परत येणार नाही, कागदावर काय लिहिलंय याने त्याला काय फरक पडतो? असं मी दसऱ्यापर्यंत म्हटलं, दसऱ्यानंतरही म्हटलं. विज्ञानाचं काम करणारं माणूस स्वतःला फसवायला बसलं की फार पद्धतशीर फसवतं. मुद्दे मांडतं, शंका घेतं आणि त्यांचं निरसनही करतं.

फरक कुणाला पडत होता ते मला दिवाळीच्या तोंडावर कळलं. आमच्या प्रयोगशाळेत कण्या निवडायला झरीकडची एक बाई येत असे. ती सहज बोलता बोलता म्हणाली, "शिनवारची बायको, जयवंती, ती जेवत नाय धड. भात कापायला पण नाय गेली. पाड्यातले बोलतात, तिच्यामुळे खाल्ला त्याने औषध."

"तिच्यामुळे? ते कसं?"

"त्या सोमवारी भांडण झाला ना दोघांचा. भात पिवळा झालेला, डुकरं यायची. ती बोलली राखणीला रहा. तो बोलला, काका सोडणार नाय. मग ती बोलली, जा तर मग, परत नाय आलास तरी चालेल. आणि तो परत नाय आला."

मी हातातली बाटली खाली ठेवली. तिच्यातल्या कण्यांवर बुरशी छान धरली होती, कापसासारखी.

वाघबारशीच्या, म्हणजे आपल्या वसुबारसेच्या, दुसऱ्या दिवशी मी झरीला गेले. पाड्याकडे जाणारी वाट चिखल वाळून टणक झाली होती, पायाला टोचत होती. दोन्ही बाजूंची भातं कापून झालेली, एकच तुकडा कापायचा राहिला होता. पीक आडवं झालेलं, लोंब्या मातीत, डुकरांनी मधोमध लोळून ठेवलेलं. तो कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही.

जयवंती अंगणात बसली होती. मी तिला आधी दोनदाच पाहिलं होतं. आता पाहिली तर ओळख पटेना. गालांची हाडं वर आलेली, लुगड्याचा पदर कसातरी खोचलेला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिने पाणी आणायला उठायचा प्रयत्न केला, मी हात धरून बसवलं.

"जयवंती, त्याने जीव दिला नाही," मी म्हटलं. "त्याला माहीतच नव्हतं ते विष आहे. त्याला वाटलं माझंच औषध आहे. माझं औषध चाखून दाखवायची सवय मी त्याला लावली होती. मी आधी चाखलं, मग तो चाखायला लागला. त्या दिवशी पिंपात दुसरं होतं, आणि त्याला कुणी सांगितलं नाही."

अंगणात कोंबडी पिलांना घेऊन माती उकरत होती. जयवंतीने विचारलं, "तो हसत होता काय? चाखला तवा?"

"हो. हसत होता."

"मग मरायला नाय खाल्ला."

"नाही."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, मग मी तिला जवळ घेईन. मी घरून निघाले तेव्हाच तसं चित्र मनात तयार केलं होतं. तिने मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुना हा कधी कळला?"

"तो दवाखान्यात होता तेव्हाच."

तिने बोटांवर मोजलं. पितृपक्ष, नवरात्र, दसरा, कोजागिरी, वाघबारस. एकेक नाव घेऊन मोजलं, मोठ्याने. मग म्हणाली, "इतके दिस मी त्याला मारला होता. तू घरी जेवत होतीस काय?"

मी म्हटलं, "हो."

ती उठली. घरात गेली नाही, पाड्यात गेली. थोड्या वेळात अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. म्हातारे पुढे बसले, बाया मागे उभ्या राहिल्या. जयवंती मला म्हणाली, "आता यांच्यासमोर बोल. सगळा बोल. बोट कसा बुडवला तो पण दाखव."

मी मोठमोठ्या सभागृहांत बोलले आहे. त्या अंगणात मी पहिल्या फवारणीच्या दिवसापासून सुरुवात केली. मी सगळं सांगितलं. बोट कसं बुडवलं, जिभेला कसं लावलं, ते हवेत करून दाखवलं. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "म्हणजे तो शाणा होता. तुमीच त्याला येडा केला." बाकीचे उठून गेले. जाताना बायांपैकी दोघी-तिघी जयवंतीजवळ थांबल्या, एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा ती रडली. माझ्याकडे पाठ करून.

दिवाळी झाल्यावर मी पोलिसांकडे जबाब लिहून दिला. काकांनीही जे घडलं ते नाकारलं नाही, पण त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. वाडी त्यांनी दुसऱ्याला कसायला दिली. मधाच्या पेट्यांचं काय झालं मला माहीत नाही. माझी मंजुरी अडकली. काकांनी सांगितलं होतं तसंच झालं. माणूस ज्याने मेला त्या विषाचं नाव कुणाला आठवत नव्हतं, ते दुकानात होतं तिथेच राहिलं. माझ्या औषधाला मात्र वरोरपासून सरावलीपर्यंत लोक म्हणायला लागले, तो शिनवार ज्याने गेला ते. पुढचे दोन हंगाम मला एकाही वाडीने उभं केलं नाही. मी प्रयोगशाळेत कण्या शिजवत राहिले, कोरड्या हवेत टिकणारी बुरशी शोधत राहिले. ती थोडीफार मिळाली. पुढे मंजुरीही मिळाली. आता ते औषध पाकिटातून मिळतं. पाकिटावर मी एक ओळ घालायला लावली: फवारताना नाक, तोंड व अंग झाका. तयार करणारे म्हणाले, मॅडम, निर्धोक मालावर हे कशाला? गिऱ्हाईक बिचकेल. मी म्हटलं, बिचकू दे.

मला कुणी विचारलं की तुमच्या कामाने काय साधलं, तर मी काय सांगावं मला कळत नाही. काही वाड्यांत विष कमी झालं, हे खरं. काही माणसांची कातडी वाचली असेल, तिची नोंद कुठे होत नाही. वाचलेल्याची नोंद होत नाही हेच या कामाचं दुखणं आहे. गेलेल्याला मात्र नाव असतं, गाव असतं, अंगण असतं. भादवा तापला की तो एकटा समोर येऊन उभा राहतो, आणि ज्यांना मी वाचवलं असेन त्यांतलं एकही माणूस मला दिसत नाही.

गेल्या आठवड्यात तलासरीच्या बाजारात गेले होते. रस्त्याच्या कडेला बाया भाजी घेऊन बसल्या होत्या. भेंडीच्या ढिगामागे जयवंती होती. केस पिकलेत, पण अंगाने सावरली आहे. तिने मला आधी ओळखलं.

"बाय, म्हातारी झालीस," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. भेंडी कोवळी, लांबसडक होती, एकीलाही कीड नव्हती. या दिवसांत, या हवेत, एकही किडकी भेंडी नाही म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

"काय मारतेस यावर?" मी विचारलं.

तिने दुकानातल्या एका जहाल औषधाचं नाव सांगितलं. सहज सांगितलं, लपवायचं काही नव्हतं.

"माझं औषध मिळतं आता तलासरीत," मी म्हटलं. "चांगलं झालंय. उन्हातही चालतं. मी पाठवू का तुला?"

तिने समोरच्या गिऱ्हाइकाला भेंडी तोलून दिली, पिशवीत घातली.

"मी बघितला तुझा पाकीट," ती म्हणाली. "मना वाचता येत नाय, पण विषाची खूण कळते. तुझ्याच्यावर हिरवी खूण आहा. हिरवी बघितली की माणूस अंग सैल सोडतो. माझा जो आहा ना, त्याच्यावर लाल आहा. ती लाल बघितली की मी तोंड बांधते, हात बांधते, पोरांना लांब करते, मग बाटली उघडते. मना लालच पाहिजे, बाय."

मी तिला पाकिटावरच्या ओळीबद्दल सांगणार होते. नाक, तोंड व अंग झाका. पण ती ओळ वाचायची होती.

जयवंतीने भेंड्या निवडून मूठभर बाजूला काढल्या, मग आणखी मूठभर. चांगल्या, एकसारख्या. "घे," ती म्हणाली. "चार दिस झाले मारून. आता काय होत नाय. खा तू."

चार दिवस त्या औषधाला पुरत नाहीत. ते कोणत्या पिकात किती दिवस मुरून राहतं हे मी आयुष्यभर लोकांना शिकवत आले आहे. मी जयवंतीकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी पिशवी पुढे केली.